फिट, अनफिट आणि मधली माणसं

आजारपणाच्या रजेवरून कामावर परतताना जो वैद्यकीय दाखला द्यावा लागतो, त्याचा सरकारी नमुना एकदा नीट वाचून बघावा. डॉक्टर सहीनिशी सांगतात की अमुक कर्मचाऱ्याला तपासलं, तो आजारातून बरा झाला आहे आणि कामावर रुजू व्हायला योग्य आहे. एका वाक्यात दोन दावे, आणि दोन्ही सोळा आणे. थोडा बरा आहे, अर्धा दिवस काम करू शकेल, उभ्याचं काम नको पण बसून नोंदी ठेवेल, असं काही लिहायला त्या कागदावर जागाच नाही. खासगी कारखान्यांचे नमुनेही बहुतेक याच्यावरूनच बेतलेले. माझी नोकरी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या बाजूच्या एका कारखान्यात, पर्सोनेल खात्यात झाली आणि हे दाखले फायलीला लावणं हा तिथला रोजचा उद्योग होता. दाखला आला की हजेरीपटावर नाव चालू, पाळी चालू, रात्रपाळीसुद्धा चालू.

गंभीर उपचारानंतर कित्येक महिने माणूस ना फिट असतो ना अनफिट. केमोथेरपी, रेडिएशन, बायपास, किडनी बदलणं, आयसीयूत काढलेले आठवडे, यांतले रोग वेगवेगळे, पण नंतरचा काळ बराचसा सारखा. आणि या काळाची जबाबदारी आपल्याकडे कुणाचीच नाही. रुग्णालयाचं काम डिस्चार्ज कार्डावर संपतं, विम्याचं बिलावर, कारखान्याचं दाखल्यावर आणि नातेवाइकांचं शहाळी घेऊन एकदा भेटून आल्यावर. पुढचं ज्याचं त्याने निस्तरायचं. माझा आग्रह असा की कामावर टप्प्याटप्प्याने परतण्याची सोय कायद्यात, विम्यात आणि कारखान्यात असायलाच हवी, आणि तिची सुरुवात या दाखल्यापासून व्हावी.

आधी थकव्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. ‘थकवा तर काय, सगळ्यांनाच येतो’ हे वाक्य न ऐकलेला पेशंट सापडणार नाही. दिवसभर लेथवर उभं राहून येणारा थकवा कष्टाच्या प्रमाणात येतो आणि झोपेने उतरतो. उपचारानंतरचा थकवा प्रमाण पाळत नाही. आंघोळ केली की अर्धा तास पलंगावर. नऊ तास झोप होऊनही सकाळी अंग उचलत नाही. अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेने याची व्याख्या केली आहे, ती थोडक्यात अशी की हा केलेल्या श्रमाशी मेळ नसलेला, रेंगाळणारा, शरीराचा, मनाचा आणि बुद्धीचाही थकवा आहे आणि तो रोजच्या व्यवहारात आडवा येतो. त्यातल्या ‘बुद्धीचाही’कडे लक्ष द्या. केमोनंतर कित्येकांच्या डोक्यात आकडे राहत नाहीत, नाव ओठावर येऊन अडतं, दोन कामं एकदम सांगितली की एक निसटतं. हिशोबनीस हे ऑफिसात कुणाला सांगेल? सांगितलं तर खुर्ची जाण्याची भीती. मग तो तेच खातं तीनदा तपासतो आणि घरी जाऊन न जेवता आडवा होतो.

रोगांच्या वर्गीकरणाच्या अमेरिकी आवृत्तीत कर्करोगाशी संबंधित थकव्याला स्वतंत्र कोड आहे, आर ५३.०. म्हणजे वैद्यकशास्त्राने हे लक्षण मोजायला घेतलेलं आहे. आपण अजून ‘मन खंबीर ठेव’वर अडून आहोत.

मन खंबीर ठेवायला माझी हरकत नाही. पण हिमोग्लोबिन सात असताना खंबीर मनाने जिना चढता येत नाही. या थकव्यामागे सहसा एक कारण नसतं, चार-पाच एकत्र असतात. केमो अस्थिमज्जेला मार देते, आणि लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्यामुळे रक्त पुन्हा भरून यायला महिने लागतात. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड पुढे मंदावू शकतं. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी, त्यात महिनाभर भाताची पेज आणि मुगाचं पाणी. बायपासनंतर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या स्वतःच अंग ढिलं करतात. आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी बारीक होतो, अशी मोजणी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केली. दहा दिवसांत एवढं गेलेलं मांस परत यायला किती काळ लागेल याचा अंदाज ज्याने कधी व्यायाम केला आहे त्याला येईल. याखेरीज मोडलेली झोप, दुखणं, नैराश्य. यातलं बरंचसं तपासता येतं आणि सापडलं तर बरंचसं दुरुस्तही होतं. चांगली सुधारणा होत असताना थकवा अचानक वाढला तर तो ‘असायचाच’ म्हणून घरी न बसता डॉक्टरांकडे जायला हवं, हेही पेशंटला कुणीतरी सांगायला हवं.

पण आधी विचारायला तरी हवं. तपासणीला गेलं की वजन होतं, बीपी होतं, दुखतं का ते विचारतात. थकव्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हटल्यावर पेशंटही संकोचतो. एवढ्या मोठ्या रोगातून वाचवलं त्या डॉक्टरांपुढे दमायला होतं म्हणून काय रडायचं! एनसीसीएनचीच शिफारस अशी की शून्य ते दहा या मापात आज थकवा किती, एवढा एक प्रश्न विचारावा आणि आकडा चार किंवा वर असेल तर कारण शोधावं. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. बडोद्याच्या सयाजी या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसते हे खरं, पण हा आकडा वजन घेणाऱ्या सिस्टरही केसपेपरावर लिहू शकतात.

आता ‘आराम करा’. डिस्चार्ज कार्डावर शेवटी हे दोन शब्द असतात, आणि घरचे ते इतके मनावर घेतात की पेशंटला पाण्याचा ग्लासही उचलू देत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस ते बरोबरच. त्यानंतर नुसता आराम थकवा वाढवतो, कारण उरलेले स्नायूही पडून पडून जातात. कर्करोगातून बाहेर पडलेल्यांसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेली शिफारस मध्यम वेगाच्या चालण्यासारख्या व्यायामाची आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास, निदान बारा आठवडे. त्याने थकवा कमी होतो याला भक्कम पुरावा आहे. अर्थात हाडांत रोग आहे का, प्लेटलेट किती, हृदय किती सोसेल हे पाहून. गंमत अशी की घर पेशंटला हलू देत नाही आणि कारखाना दाखला दिल्या दिवसापासून आठ तास उभं करतो. यांच्या मधलं काही नाहीच. पेशंटही तेच करतो. एखादा दिवस बरा उगवला की महिन्याभराची तुंबलेली कामं काढतो, बँकेत जातो, माळा आवरतो, आणि पुढचे दोन दिवस उठत नाही. पगारातून उचल घेतली की पुढच्या पगाराच्या दिवशी ती वळती होते, तसं हे आहे.

टप्प्याटप्प्याने वाढवणं ही कल्पना काही परदेशातून मागवायला नको. निदान बडोद्याला तरी नको. प्रा. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर या गावातलं. माणिकरावांची कीर्ती नुसती मल्ल घडवण्याची नव्हती, हाडं बसवणं आणि अंगमर्दन यांतही त्यांचा हात होता. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, व्यायाम आणि योग प्रयोगशाळेत मोजून बघायला. आखाड्यात पहिल्या दिवशी कुणी शंभर जोर काढत नाही, हे वस्तादाने सांगायचीही गरज नसते. आयुर्वेदातला संसर्जनक्रम, म्हणजे उपचारानंतर आहार पायरीपायरीने वाढवणं, तोही तसाच. पंचकर्मातलं शोधन, म्हणजे शरीर साफ करणं, झालं की लगेच पोळी-भाजी देत नाहीत. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग यूष म्हणजे कडधान्याचं कढण, आणि शोधन जितकं जोरदार तितके दिवस जास्त. बाळंतिणीला आपण सव्वा महिना देतो. त्यात नुसती सुट्टी नसते. तिने काय खायचं, अंगाला तेल कुणी लावायचं, शेक कधी, पाण्यात हात कधीपासून घालायचा, सगळं ठरलेलं असतं. यातल्या काही रूढी जाचक आहेत आणि गेल्या तर बरंच. पण शरीराला मोठा धक्का बसला की परतीची वाट पायरीपायरीची असते आणि ती दाखवणं घराचं काम असतं, ही समज त्यात आहे. कर्करोगाच्या किंवा बायपासच्या पेशंटसाठी अशी वाट आपण आखलीच नाही. हे रोग होऊन वाचणारी माणसं पूर्वी फार नव्हती, हेच त्याचं कारण असावं. आता ती घरोघरी आहेत.

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी चालणाऱ्यांत अशी माणसं असतात. डोक्यावर नुकते उगवलेले, बारीक कुरळे केस, चालणं बेताचं, आणि दर बाकड्याशी थांबणं. त्यांना कुणी शिकवणारा असता तर? शहरात फिजिओथेरपिस्ट आहेत, आखाडे आहेत, बागा आहेत, संध्याकाळी रिकामी असणारी मंडळांची सभागृहं आहेत. गणपतीत दहा दिवस चालणारी मंडळं वर्षातून बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, एक फिजिओथेरपिस्ट बोलावून असा वर्ग चालवू शकतात. वर्गणीचा हिशोब मांडला तर मखरापेक्षा स्वस्त पडेल. (मखरवाल्यांनी राग मानू नये.)

तरीही हे सगळं रिकामा वेळ असलेल्यांचं झालं. ज्याला पोट आहे त्याचा प्रश्न दिवसांचा आणि पैशांचा. आयुष्मान भारत योजना २०१८ची. केंद्राचं विमाकवच कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं, गुजरातेत २०२३पासून ते १० लाख झालं. ज्यांनी घर गहाण टाकून उपचार केलेले पाहिले आहेत त्यांना या योजनेचं मोल सांगायला नको. पण तिच्यात रुग्णालयातून सुटल्यानंतरचा औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च मिळतो तो १५ दिवसांचा. खासगी पॉलिसींत ही मुदत बहुधा दोन-तीन महिने असते. म्हणजे सरकारी हिशोबात बायपासचा पेशंट पंधरवड्यात संपला. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड सांधायलाच दीड ते तीन महिने जातात.

कामगारांसाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना आहे, आणि कागदावर ती चांगलीच उदार आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला वर्षात ९१ दिवस आजारपणाचा लाभ मिळतो, पगाराच्या ७० टक्के. कर्करोगासारख्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत नाव बसलं आणि पुरेशी वर्गणी भरलेली असली तर हा लाभ ८० टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. अट एक आहे आणि ती १९४८च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ नाही. वाजवी वाटते ना? ती काय करते बघा. चार तास काम करू शकणाऱ्या माणसाला ती दोनच वाटा ठेवते. घरी बसून पूर्ण आजारी राहायचं, नाहीतर आठ तास भरायचे.

याचा हिशोब मांडू. पगार २०,००० धरा. माणूस पूर्ण घरी बसला तर ईएसआयच्या निधीतून त्याला ८० टक्क्यांनी महिन्याला १६,००० मिळतात आणि मालकाला काम शून्य मिळतं. तोच माणूस अर्धा दिवस कामावर आला, अर्ध्या दिवसाचे १०,००० मालकाने दिले आणि उरलेल्या अर्ध्याचे ८० टक्के, म्हणजे ८,००० निधीने दिले, तर कामगाराच्या हातात १८,००० पडतात. निधीचा खर्च निम्मा होतो. मालकाला अर्ध्या पगारात अर्धं काम, तेही अनुभवी हाताचं. तिघांचाही फायदा होतो असा व्यवहार पर्सोनेल खात्यात मी फारसा पाहिलेला नाही. तो आज होत नाही, कारण नियमात अर्धा दिवस नावाचा आजार नाही.

जर्मनीत हे होतं. तिथे डॉक्टर टप्प्यांची योजना लिहून देतात, समजा काही आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा. त्या काळात माणूस कायद्याने आजारीच मानला जातो आणि त्याचा आजारभत्ता चालू राहतो. हॅम्बर्ग मॉडेल या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ब्रिटनने २०१०मध्ये आजारपणाचा जुना दाखला बदलला. नव्या दाखल्यावर ‘काही सोय केल्यास काम करू शकेल’ असा पर्याय छापला आणि खाली खुणा करायला जागा ठेवली की हळूहळू परत, बदललेले तास, वेगळं काम, की कामाच्या जागी बदल. त्याच वर्षीच्या तिथल्या समानता कायद्यात कर्करोग झालेली व्यक्ती निदानाच्या दिवसापासूनच दिव्यांग मानली जाते, म्हणजे मालकाला तिच्यासाठी वाजवी बदल करावेच लागतात. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण त्यांत कर्करोग नाही, आणि बऱ्याचशा सवलती ४० टक्के अपंगत्वाच्या पुढे सुरू होतात. थकव्याची टक्केवारी कोण लावणार?

जर्मनी आणि ब्रिटन श्रीमंत आहेत, हे उत्तर लगेच येतं. मग घरचीच उदाहरणं घेऊ. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि ती संपल्यावर कामाचं स्वरूप चालत असेल तर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूदही आली. म्हणजे रजा आणि पूर्ण काम यांच्या मधली पायरी आपल्या कायद्याला ठाऊक आहे. रेल्वे तर बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांची अन्नदाती. तिथे डोळ्यांनी किंवा तब्येतीने ठरल्या कामाला नालायक ठरलेल्या माणसाला दुसरं काम देण्याची रीत फार जुनी आहे, ‘डीकॅटेगराइज झाला’ हे वाक्य प्रतापनगरच्या वस्तीत कुणालाही समजतं. केंद्र सरकारने २०२३मध्ये अवयवदान करणाऱ्या कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत खास रजा दिली. फार चांगलं केलं. एक किडनी काढून दिलेल्या निरोगी माणसाला सावरायला वेळ लागतो हे सरकारला पटलं. ती किडनी ज्याच्या पोटात बसवली त्याने मात्र आपली नेहमीची रजा मोजत बसायचं.

बायकांची गोष्ट वेगळी काढायला हवी, कारण त्यांच्यासाठी दाखलाही नसतो. घरातली बाई स्वयंपाकघरात उभी राहिली की ती बरी झाली असं घर धरून चालतं. आमच्या शेजारच्या काकूंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशन झालं, आणि गौरी आल्या. सून म्हणाली, “आई, तुम्ही खुर्ची घेऊन बसा, मला सांगा, मी करते.” काकू म्हणाल्या, “अगं, पुरण माझ्या हाताचं लागतं सगळ्यांना, बसून कसं चालेल?” सूनबाई मनापासून बोलत होती आणि काकूही. पुरण वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, चेहऱ्यावर काय तेज आलंय बघा! शेजारच्या बेन म्हणाल्या, ‘हवे तो सारुं छे ने?’ आता तर बरं आहे ना? काकूंनी हो म्हटलं. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात संध्याकाळी सुजला होता, तो पदराखाली होता.

यात कुणाला दोष देणार? डिस्चार्ज कार्डावर ‘आराम करावा’ असं होतं, आणि आराम म्हणजे काय ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने वाचलं. त्याऐवजी त्या बाजूच्या हाताने किती वजन किती आठवडे उचलायचं नाही, हे आकड्यात लिहिलेलं असतं तर सुनेला सासूशी वाद घालायला कागदाचा आधार मिळाला असता. पाण्याने भरलेली बादली पंधरा किलोची असते आणि भरलेलं गॅसचं सिलिंडर तीसच्या आसपास. उभ्याने किती मिनिटं, जिना किती वेळा, हेही लिहिता येतं. डॉक्टरांना स्वयंपाकघर माहीत नसतं असं नाही, बहुतेक डॉक्टरांकडे ते असतं. विचार करायची सवय नसते.

हातगाडीवर सेवउसळ विकणारा, घरोघरी धुणंभांडी करणारी, रिक्षावाला यांच्यापुढे तर टप्प्यांची भाषा थट्टा ठरते, कारण त्यांना रजा देणारा कुणी नाही आणि दाखला मागणाराही नाही. योजना रुग्णालयाचं बिल भरते, बुडलेली मजुरी भरत नाही. यावर एकच मार्ग मला दिसतो, थोडी रोख मदत. त्याचाही नमुना घरचाच आहे. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी २०१८पासून महिना ५०० रुपये खात्यात मिळू लागले, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिच्यामागचं तत्त्व मोलाचं आहे, की उपचार म्हणजे गोळ्यांबरोबर जेवणही. कर्करोगाच्या उपचारानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांना ते लावायला हरकत कुणाची असेल तर ती अर्थखात्याची. तिच्याशी भांडता येईल.

आता मालकांची हरकत, जी मी नोकरीत असताना टेबलापलीकडून असंख्य वेळा ऐकली. लोक गैरफायदा घेतील. घेतील. आजही घेतात. पूर्ण रजेच्या व्यवस्थेत गैरफायदा घेणं जास्त सोपं आहे, कारण घरी बसलेला माणूस काय करतो ते कुणालाच दिसत नाही. अर्धा दिवस कामावर येणारा रोज सुपरवायझरच्या नजरेसमोर असतो. ज्याला खोटं आजारी पडायचं आहे तो कमी तासांची, पंधरा दिवसांनी फेरतपासणीची, टप्प्याटप्प्याने वाढणारी योजना निवडणारच नाही. त्याला सरळ महिन्याची रजा हवी असते.

दुसरी हरकत अधिक खरी आहे. आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये हलकं काम कुठून आणायचं? सगळीच कामं जड. अशा ठिकाणी तास कमी करणं हाच मार्ग उरतो, आणि ते निधीने निम्मा भार उचलल्याशिवाय परवडणार नाही, म्हणूनच वरचा हिशोब मांडला. मोठ्या कारखान्यांना मात्र ही सबब शोभत नाही. रिफायनरीत किंवा खताच्या कारखान्यात बसून करायचं काम नाही असं म्हणणाऱ्याने तिथल्या नोंदवह्या किती आहेत ते मोजावं.

एक गोष्ट मालक बरोबर सांगतात, ती पेशंटच्या बाजूची माणसं कबूल करत नाहीत. काम माणसाला बरं करतं. घरी बसून रोज सकाळी हाडं दुखतात की रोग परत आला, असा विचार करत राहण्यापेक्षा चार माणसांत चहा पिणं चांगलं. माझा एक जुना सहकारी घशाच्या रेडिएशननंतर कामावर परतायला आतुर होता, रजा शिल्लक असूनही. पाळीचं काम त्याला झेपलं नाही. आठवडाभरात तो पुन्हा रजेवर गेला, आणि पुढे राजीनामा देऊन. त्याला रोज चार तास, सकाळचे, दोन महिने मिळाले असते तर काय झालं असतं हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण त्याच्या फायलीत जे दोन दाखले होते त्यांतला एकही त्याच्याबद्दल खरा नव्हता.

दाखल्याच्या नव्या नमुन्यात मला फक्त चार रिकाम्या जागा हव्या आहेत. रोज किती तास, कोणतं काम नको, किती आठवडे, पुन्हा तपासणी कधी. यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणतील, कारखान्यात काय काम असतं ते मला काय ठाऊक, मी तास कसे लिहू? रास्त प्रश्न आहे. त्यांनी शरीराला काय झेपेल ते लिहावं आणि कामाचं कारखान्याच्या डॉक्टरने. फॅक्टरी कायद्यातल्या १९८७च्या दुरुस्तीपासून धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कामगाराची कामाला लावण्यापूर्वी आणि नंतर निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रासायनिक पट्ट्यातल्या कारखान्यांना या तपासणीसाठी डॉक्टर ठेवावाच लागतो. कोणत्या प्लांटवर किती उष्णता, कुठे किती पायऱ्या चढाव्या लागतात, कुठे वास सहन होत नाही, ते त्याला ठाऊक असतं. कायदा बदलायची वाट न बघता हा फॉर्म तो उद्यापासून भरू शकतो. कर्मचाऱ्याला अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस रजा असं करून घ्यायला मालकाची परवानगी पुरते, आणि ज्याच्या खात्यात रजा साठलेली आहे त्याच्या बाबतीत तर मालकाच्या खिशाला तोशीसही पडत नाही.